थोरला, धाकटा आणि ती अंगठी

माझं पाठांतर आमच्या अख्ख्या खानदानात पहिल्या नंबरचं. नागपूरला एम.ए. करत असताना मी इतिहासाच्या पुस्तकाचं पानच्या पान डोळ्यांपुढे आणायची आणि उत्तरपत्रिकेत उतरवायची, स्वल्पविरामासकट. आमच्या सरांनी एकदा माझा पेपर वर्गात फिरवला होता, "बघा, याला म्हणतात अभ्यास!" म्हणून. त्या पाठांतरानं मला नागपुरात पहिला वर्ग मिळवून दिला आणि अमेरिकेत माझ्यावर चोरीचा आळ आणला.

हे सांगताना मी कुणाचंच नाव घेणार नाही. नवऱ्याचं तर नाहीच, ती सवयच नाही. मग ज्या दोन रोमन सेनापतींपायी हे सगळं घडलं त्यांचं तरी का घ्या? त्यांना मी तेव्हाही घरात थोरला आणि धाकटा म्हणायची. ज्यांनी रोमचा इतिहास वाचलाय ते ओळखतील, ज्यांनी वाचला नाही त्यांचं काही अडणार नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहत होतो. नवरा कंप्युटर कंपनीत इंजिनीयर, मुलगी सहावीत, आणि मी घरी. माझ्या एम.ए.ला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. शाळेत शिकवायचं तर इथल्या कॉलेजात ठरावीक कोर्स पास करून लायसन घ्यायला हवं होतं. आणि मला शिकवायचंच होतं. स्वेटर विणायचे नव्हते, प्लास्टिकचे डबे विकायचे नव्हते, शिकवायचं होतं! म्हणून वूस्टरच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना जायला लागले. एकेक करत सगळे कोर्स सुटले, शेवटचा राहिला तो प्राचीन रोमचा. जवळच्याच एका शाळेनं मला सप्टेंबरपासून घ्यायचं कबूल केलं होतं, पण लायसन हातात असलं तरच. म्हणजे रोम पार केलं तर शाळा, नाहीतर पुन्हा ओटा.

नवऱ्याची आडकाठी नव्हती, खोटं कशाला बोलू. बर्फात गाडी चालवायला मी घाबरायची, तर तोच मला सोडायचा आणि न्यायला यायचा. पण मराठी मंडळींचं दर महिन्याला कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, असायचं, आणि तिथे कुणी विचारलं, "काय, वहिनी कॉलेजात जातात म्हणे?" की हा हसून म्हणायचा, "अरे, घरी वेळ जात नाही म्हणून जाते ती." दर वेळी हेच. मी किचनमध्ये पुऱ्या तळत असायची आणि मला ते स्पष्ट ऐकू यायचं. चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. गाडीत बसलं की मात्र मी त्याला धुवून काढायची.

"अहो, वेळ जात नाही म्हणून कुणी एवढ्या थंडीत रोम शिकायला जातं का?"

"गंमत केली गं. तू पण ना, फार सीरियसली घेतेस."

परीक्षेत प्रश्न आला तो असा: थोरला आणि धाकटा, दोघांच्या कारकिर्दींची तुलना करा. मला हसूच फुटलं, कारण ते प्रकरण मला तोंडपाठ होतं. थोरला खेड्यातून आलेला, घराण्याचं पाठबळ शून्य. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही अशा माणसांना त्यानं सैन्यात घेतलं, त्यांच्या जोरावर लढाया मारल्या आणि वर्षभरासाठी निवडून द्यायचं सगळ्यांत मोठं पद सात वेळा भूषवलं. धाकटा मोठ्या घराण्यातला, पण घरात खडखडाट. आफ्रिकेच्या मोहिमेत तो थोरल्याच्या हाताखाली होता. तिथला शत्रू राजा काही केल्या हाती लागेना. तेव्हा हा धाकटा जिवावर उदार होऊन त्या राजाच्या सासऱ्याच्या छावणीत गेला, गोड बोलून त्याला फितवलं आणि राजाला जिवंत पकडून आणलं. रोममध्ये विजयाची मिरवणूक निघाली ती थोरल्याची. धाकट्यानं मग एक अंगठी करून घेतली, तिच्यावर राजाला ताब्यात घेतानाचा प्रसंग कोरलेला, आणि पत्रांवर तिचा शिक्का मारायला लागला. थोरल्याला ती अंगठी डोळ्यांत खुपायला लागली.

पुढे पूर्वेकडच्या मोठ्या लढाईचं नेतृत्व धाकट्याला मिळालं, तर सत्तरीला टेकलेला थोरला तरुण पोरांबरोबर मैदानात व्यायामाला उतरला, मी अजून धडधाकट आहे हे दाखवायला! खटपटी करून त्यानं ते नेतृत्व स्वतःकडे ओढलं. धाकटा सैन्य घेऊन उलटा फिरला आणि त्यानं स्वतःच्याच शहरावर चाल केली. थोरला पळाला, चिखलात लपला, धाकटा लढाईवर गेल्यावर परत आला आणि सूड म्हणून माणसं कापत सुटला. सातव्यांदा खुर्चीवर बसला आणि थोड्याच दिवसांत मेला. मग धाकटा परतला, त्यानं मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या, सर्वसत्ताधीश झाला, आणि एक दिवस सगळी सत्ता आपणहून सोडून घरी जाऊन बसला.

हे सगळं मी निळ्या कव्हरच्या उत्तरपत्रिकेत उतरवलं, अगदी पुस्तकाच्या शब्दांत, आणि शेवटी आमच्या नागपुरी पद्धतीनं समारोप जोडला: अशा रीतीनं दोघेही सेनापती आपापल्या परीनं श्रेष्ठ होते.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरनं ऑफिसात बोलावलं. उंच, सडपातळ म्हातारा. टेबलावर एकीकडे माझी उत्तरपत्रिका, दुसरीकडे पाठ्यपुस्तक, दोन्हींवर पेन्सिलीच्या खुणा.

"हे शब्दशः सारखं आहे," तो म्हणाला.

मी लाजून म्हटलं, "थँक यू."

त्यानं चष्मा काढला. मला वाटलं, आता हाही माझा पेपर वर्गात फिरवणार. तर म्हणतो, "परीक्षेच्या वेळी पुस्तक तुमच्या मांडीवर होतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर? मी? आमच्या घरात कुणी परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरकडे मान वळवली नाही कधी! मी म्हटलं, "सर, पुस्तक तुमच्या हातात धरा." आणि डोळे मिटून सुरू केलं. थोरल्याच्या जन्मापासून निघाले. एक पान झालं, दुसरं झालं. तो बोटानं ओळी धरत होता, मध्येच दहा पानं उलटून म्हणाला, "इथून?" मी तिथून. अंगठीशी आले तेव्हा त्यानं पुस्तक मिटलं.

"ठीक. तुम्ही चोरी केलेली नाही. माझं चुकलं," तो म्हणाला. मी पदर सावरून उठणार, तोच पुढे म्हणाला, "पण मार्क मी कुणाला देऊ? हे उत्तर पुस्तकाच्या लेखकाचं आहे. तुमचं कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. माझं? मी कोण रोमवर मत द्यायला? त्यानं निर्णय सांगितला: पुढच्या तासाला वर्गात उभं राहून, हातात काहीही न घेता, दोघांत मोठा कोण आणि का, ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नाही जमलं तर नापास.

गाडीत नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मग ड्रॉप कर ना. एवढं टेन्शन घेऊन करायचंय काय? आपल्याला काय कमी आहे?"

"ड्रॉप?" मी म्हटलं. "नाक घासत जावं लागलं तरी जाईन, पण सोडणार नाही."

मग घरात रोम सुरू झालं. मी भाजी चिरताना बोलायची, मुलगी समोर टेबलावर बसून ऐकायची. प्रत्येक वेळी शेवटी माझ्या तोंडून तेच यायचं, दोघेही आपापल्या परीनं श्रेष्ठ. "आई, दॅट्स नॉट ॲन आन्सर," ती म्हणायची. "हू डू यू लाइक?" मला एवढी वर्षं कुणी हे विचारलंच नव्हतं. सरांनी विचारलं नाही, पुस्तकानं विचारलं नाही, आणि मीही नाही.

नवरा थोरल्याच्या बाजूचा. "त्यानंच त्या पोराला मोहिमेवर नेलं, मोठं केलं. आणि हा अंगठ्या मिरवतो? शेवटी एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हेच खरं."

"म्यान काय एकट्या थोरल्याच्या बापाचं होतं?" मी म्हटलं. "राजा कुणी पकडला?"

"अगं, पण मोहीम कुणाची होती?"

"राजा कुणी पकडला, ते सांगा आधी!"

तो पेपर उघडून बसला, आणि मी हातात अर्धी चिरलेली भेंडी घेऊन उभी राहिले. माझं उत्तर मला तिथे सापडलं.

वर्गाच्या दिवशी संध्याकाळी बर्फ पडत होता. एरवी नवरा गाडीत रेडिओ ऐकत थांबायचा, पण त्या दिवशी मुलीनं हट्टानं त्याला आत ओढून आणलं आणि दोघं शेवटच्या रांगेत बसले. मी उठले. साडीवर स्वेटर, पायांत बर्फाचे बूट, काय ध्यान दिसत असेन कोण जाणे. पण तोंड उघडलं आणि शब्द आले, माझे मोडकेतोडके इंग्रजी शब्द, कुठल्याही पानावर नसलेले.

मी म्हटलं, मला दोघेही आवडत नाहीत. दोघांच्याही हातांना स्वतःच्या गावकऱ्यांचं रक्त लागलंय. धाकट्यानं शेवटी सत्ता सोडली म्हणून त्याचं कौतुक करतात, पण याद्यांतली माणसं त्यामुळे परत आली नाहीत. दोघांत मोठा कोण म्हणाल तर थोरला. तो काही नसताना वर आला आणि ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना त्यानं सैन्यात उभं केलं. पण तो मोठा होता म्हणूनच त्याचा दोष मोठा. त्याच्याजवळ पद होतं, मिरवणूक होती, लोक डोक्यावर घेत होते. त्यानं एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं की राजा यानं पकडला. एवढं एक वाक्य. ते त्याला जड झालं.

पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "म्हणजे एका अंगठीमुळे यादवी झाली?"

"कारणं पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "जमीन, सैन्य, राजकारण. सगळी पुस्तकात आहेत आणि मला पाठ आहेत, हवी तर म्हणून दाखवते. पण सरांनी मला माझं मत विचारलंय."

वर्ग हसला. प्रोफेसर हसला नाही. "मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "पास."

देवाशपथ सांगते, नागपूरच्या पहिल्या वर्गाचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

घरी जाताना मुलगी मागे झोपून गेलेली. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं समोर बघतच विचारलं, "ते एक वाक्य म्हणालीस, ते रोमबद्दलच ना?"

"रोमचाच कोर्स आहे," मी म्हटलं.

सिग्नल हिरवा झाला तरी तो जरा वेळ थांबूनच राहिला, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा गाडी हलली.

पुढचं पॉटलक आमच्याच घरी होतं. मी पुऱ्या तळत होते, दिवाणखान्यात पुरुषांच्या गप्पा चाललेल्या. सगळ्यांत ज्येष्ठ असलेले एक डॉक्टर काका मोठ्यानं म्हणाले, "काय रे, संपला का सूनबाईंचा टाइमपास?" मी झारा तसाच धरून उभी राहिले. आता तेच हसू येणार, तेच वाक्य येणार, आणि आज मी पाहुणे जायची वाट बघणार नाही, आई काहीही म्हणो.

"टाइमपास नव्हता काका तो," नवरा म्हणाला. "तिला शिकवायचं होतं. ते तिनं स्वतःच्या जिद्दीवर मिळवलंय, सप्टेंबरपासून शाळेत जाणार ती. मी इतके दिवस उगाच काहीतरी सांगत होतो."

कढईतली पुरी फुगून लाल झाली, मग काळी झाली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि शेजारी पुऱ्या लाटणाऱ्या काकू विचारताहेत, "काय झालं गं? काय म्हणाला तो?"

मी पदरानं डोळे पुसले आणि दारात येऊन उभी राहिले.

"अहो," मी म्हटलं, "परत सांगा. काकूंना ऐकू आलं नाही."

त्यानं परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.