वाटेतल्या वाडीचं पाणी

टपरीवर चहा पीत सौरभ मोबाइलच्या नकाशावर बोट फिरवत होता. एप्रिलमधला स्वस्तातला ट्रेक, तीन दऱ्या, बारा जण. बोटाने एक अख्खी दरी ओलांडून तो म्हणाला, "पाण्याचं ओझं नको, म्हणजे हमालही नको. वाटेत धनगरांची वाडी आहे, तिथे भरून घेऊ."

"देतील?" केतकीने विचारलं.

"अगं, देवमाणसं ती! नाही म्हणतच नाहीत."

खरंच नाही म्हणत. मी त्या वाडीत राहून आलोय. उन्हाळ्यात तिथल्या बायका झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात, त्यातच सकाळ सरते. तरी दारी आलेल्याला आधी तांब्या. मी नको म्हणालो, तर तिथल्या ठकूमावशी कडाडल्या, "का रं, आमच्या घरचं पानी चालंना व्हय?"

या रीतीचं आपण तोंडभर कौतुक करतो आणि तिच्याच जिवावर सहली स्वस्त करतो. समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे हेरून आखलेल्या बेताला मी लूटच म्हणतो. दरोडेखोराला निदान दार फोडावं लागतं.

"बारा जणांच्या बाटल्या म्हणजे मावशींचे दोन हंडे," मी म्हणालो. "त्या दिवशी त्यांनी काय प्यायचं?"

"झाला याचा मोर्चा सुरू!" सौरभ हसला. नकाशात वाडीवर खूण करून त्याने लिहिलं, 'पाणी फुकट', आणि सगळ्या ग्रुपला पाठवून दिलं.