उद्याचा सण

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी कमल लाटता लाटता म्हणाली, "वहिनी, उद्या येणार नाही. सण आहे आमच्यात."

गेल्या महिन्यातही असाच एक सण निघाला होता. मी हात पुसून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. उद्याचा चौकोन कोरा, साधी चतुर्थीसुद्धा नाही. मग मोबाइलवर शोधलं, तर त्याच तारखेला कुठल्या देशात संताचा दिवस, कुठे सुगीचा, कुठे पितरांचा. एका तारखेत एवढं पावित्र्य मावतं, यावर माझा विश्वास बसेना. यातले निम्मे तरी कुणीतरी गरजेपोटी काढलेले असणार.

"कुठला सण गं?"

तिने तव्यावरची पोळी उलटली. "कुठला नाही. झोपायचंय दिवसभर. पण नुसतं झोपायला सुट्टी दिली असती का तुम्ही?"

दिली नसती. मोबाइलवरच्या त्या यादीकडे मी पुन्हा पाहिलं. तिथेही आधी कुणाची तरी पाठ दुखली असेल, आणि मालकिणीला पटेल असा देव नंतर शोधला असेल.

पेन घेऊन मी उद्याच्या चौकोनात लिहिलं, 'कमलचा सण'.

"परवा मात्र वेळेवर ये," मी म्हटलं.