वहिदा मॅडमची साधी भिंत

नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल विभागाच्या मागे तीन बुटक्या भिंती उभ्या आहेत. त्यांना ना छप्पर, ना दार. नवी पोरं विचारतात, "सर, हे बांधकाम अर्धवटच सोडलं का?" मी आधी चिडायचो. आता सांगतो, बाबांनो, ही वहिदा मॅडमची पीएचडी आहे, तिच्यावर बसून वडापाव खाऊ नका.

वहिदा शेख मूळच्या लातूरच्या. वडील अजीज मिस्त्री, गवंडी. लातूर, मुरुड, चाकूर या पट्ट्यात त्यांनी बांधलेली घरं अजून उभी आहेत. उभी आहेत, पण फाटलेली आहेत. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरचं घर बिचारं तिच्यासोबत वर-खाली होतं आणि शेवटी भिंतीला भेग पडते. ज्याच्याकडे खोल पायाला पैसा असतो तो सुटतो. अजीजभाईंची गिऱ्हाइकं तशी नव्हती. त्यात लातूरकडचा माणूस भूकंप पाहिलेला. केसाएवढी भेग दिसली तरी त्याची झोप उडते. मग तो मातीला शिव्या देत बसत नाही, मिस्त्रीला देतो.

मुरुडला वसंतराव म्हणून शाळामास्तर होते. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात बैठकीची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. गुरुजींनी भर बाजारात अजीजभाईंना गाठून विचारलं, "मिस्त्री, आमचं सिमेंट कुणाला विकलं?" अजीजभाई "हौ गुरुजी" एवढंच म्हणाले. थापी घेऊन गेले आणि भेग बुजवून आले. तेव्हापासून त्यांनी एक नेमच धरला. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की कुणी बोलावलेलं नसताना आपण बांधलेल्या घरांवरून फिरायचं आणि पाव्हण्यारावळ्यांच्या नजरेला पडायच्या आत भेगा बुजवून टाकायच्या. माल कालवायला सोबत वहिदा. "अब्बा तेव्हा कुणाकडं बघायचे न्हाईत, सर," त्यांनी मला एकदा सांगितलं. "भिंतीकडं तोंड करून काम करायचे आन् तसेच निघायचे."

अशा बापाची लेक सिव्हिल इंजिनिअर झाली यात मला तरी नवल वाटत नाही. नवल पुढचं आहे. तिच्या वर्गातली निम्मी पोरं सिव्हिल शिकून पुण्यात संगणकापुढे बसली. काही स्पर्धा परीक्षा देता देता पस्तिशीला आली. हिलाही पुण्याची नोकरी आली होती. ती सोडून बाई एम.टेक. करून आमच्याकडे आल्या, जिथे पगार कधी होईल हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. आणि त्यांनी पीएचडीला विषय घेतला काळी माती. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून जी राख उरते, ती आणि चुना पायाखालच्या मातीत मिसळला तर वरची भिंत फाटायची थांबेल का, एवढाच प्रश्न.

असं संशोधन आमच्याकडे सहसा डब्यात माती भरून प्रयोगशाळेतच उरकतात. मॅडम म्हणाल्या, नाही, खरी भिंत बांधायची आणि खरे उन्हाळे-पावसाळे तिच्यावरून जाऊ द्यायचे. दोन भिंती राखेच्या मातीवर आणि तुलनेसाठी एक नुसत्या काळ्या मातीवर. हिला आम्ही साधी भिंत म्हणायचो. बांधायला त्यांनी लातूरहून अब्बांनाच बोलावलं. विटा त्याच, सिमेंट तेच, हातही तेच; फरक फक्त मातीचा. साधी भिंत फाटली आणि बाकीच्या दोन टिकल्या, तर दोष मातीचा होता हे सिद्ध होणार होतं. पदवी मॅडमना मिळणार होती, पण निकाल अजीजभाईंचा लागणार होता. हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांना तर होतंच.

दर मे महिन्यात अजीजभाई नांदेडला यायचे. फोन नाही, निरोप नाही. पिशवीत आंबे घेऊन थेट भिंतींपाशी. पहिल्या उन्हाळ्यात साध्या भिंतीला बारीक चीर गेली. पुढच्या वर्षी तिच्यात त्यांचं नख मावलं. बाजूच्या दोन्ही भिंती जशाच्या तशा होत्या. मी म्हणालो, "अजीजभाई, सुटलात की तुम्ही." ते म्हणाले, "न्हाई सर, आजून एक उन्हाळा बघायचा हाय म्हनती पोरगी. लोकं तोंडानं लई बोलत्यात. भिंत बोलली पायजे."

आणि नेमक्या त्या शेवटच्या उन्हाळ्याआधी आमच्याकडे मूल्यांकन समिती येणार असं जाहीर झालं.

समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजच्या अंगात येतं. वर्षानुवर्षं बंद पडलेली यंत्रं पुसून चकाचक होतात. ग्रंथालयात पोरं आणून बसवतात. कुंड्या भाड्याने येतात आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की त्याही जातात. या सगळ्याचं समन्वयकपद वहिदा मॅडमच्या गळ्यात पडलं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही हे संचालकांना पक्कं माहीत होतं.

पाहणी करत संचालक मागे आले आणि साध्या भिंतीपुढे थबकले. "सिव्हिल विभागाच्या मागे फाटकी भिंत? समितीला काय सांगणार?"

"जे आहे तेच सांगू," मी म्हणालो. "ही फाटली हेच तर संशोधन आहे."

संचालकांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते मॅडमकडे बघत होते. आणि मॅडम भेगेकडे. त्यांचा चेहरा लाजेने उतरला होता, परक्या माणसाने घरातला पसारा पाहिल्यावर उतरतो तसा. "मी घेते सर बुजवून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, भेगेत माल भरून वरून लेप दिला. मग पिस्ता रंग मारला. भोवती हिरवळ लावली आणि पाण्याचे फवारे सुरू झाले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो मॅडम, लेपाचं सोडा. पण पाणी मारल्यावर माती आकसणार कशी? शेवटचा उन्हाळा आहे तुमचा."

"राघवेंद्र सर, आता कुठं फेब्रुवारी चालू हाय. समिती येऊन गेली की पाणी बंद. भेग मेपर्यंत परत उघडते."

हिशेब चुकीचा नव्हता. पण समितीची तारीख पुढे गेली आणि पुन्हा पुढे गेली. दर वेळी संचालकांचा हुकूम एकच, हिरवळ वाळता कामा नये. मॅडम फायलींच्या ढिगात बुडालेल्या. मे उजाडला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "जाऊ द्या सर, हे वर्ष वाया गेलं. पुढचा उन्हाळा धरू. थीसिस वर्षभर लांबला, अजून काय?" बोलायला ते सोपं होतं. लातूरला अब्बांना कळवायचं तेवढं राहून गेलं.

अजीजभाई नेहमीसारखे आले. मॅडम संचालकांच्या बैठकीत, फोन बंद. मीच त्यांना मागे घेऊन गेलो. पिस्ता रंगाच्या त्या भिंतीपुढे ते उभे राहिले. मग हात फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं. कुठे चीर नव्हती.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. वरून लेप दिलाय, महिनोन्‌महिने पाणी चालू आहे, म्हणून माती आकसली नाही, यंदाचं काही धरू नका.

"लेप दिलाय ते दिसतंय की सर," ते म्हणाले. "आसाच लेप मी जलमभर दिला. माझा लेप एक उन्हाळा टिकला न्हाई. ह्येचा टिकला. माती तर तीच हाय." मग स्वतःच्या तळहाताकडे बघत हळूच म्हणाले, "म्हंजी हात दुसरा लागला, तर भिंत ऱ्हाते."

"अहो, पाण्यामुळे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमी तिच्याबरोबर काम करता सर. तुमी चांगलंच बोलनार." आंब्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. लेकीला न भेटता ते बस स्टँडकडे निघून गेले. माझा तेव्हा असा संताप झाला होता, की संचालकांच्या खोलीत जाऊन तो पाण्याचा पाइप त्यांच्या टेबलावर आपटावा. आपटला असता तरी त्याने काय होणार होतं म्हणा.

मॅडम बैठकीतून सुटल्या आणि तशाच लातूरच्या बसमध्ये बसल्या. घरी अब्बांना कागदावर चित्र काढून समजावलं, माती कशी फुगते, पाणी मिळत राहिलं तर कशी गप्प बसते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हौ बेटा," म्हणाले, डोक्यावरून हात फिरवला. मॅडम मला म्हणाल्या, "सर, वसंतराव गुरुजी बोलले की ते तेच म्हणायचे. हौ गुरुजी. वाद घालायचा नसला की अब्बा हौ म्हणायचे." त्या वर्षी पावसाळ्याआधी अजीजभाई भेगा बुजवायला गेले नाहीत. याच हातानं परत काय लावू, असं घरात म्हणाले. थंडीत ते गेले, हृदयविकाराने.

समिती अखेर त्याच पावसाळ्यात, जुलैत, आली होती. हिरवळीवर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. भिंतींकडे एकानेही पाहिलं नाही. आम्हाला चांगली श्रेणी मिळाली आणि मॅडमना गुलाबाचं फूल.

फवारे दुसऱ्याच दिवशी बंद झाले. पुढच्या मे महिन्यात, ऐन दुपारी, शिवानी नावाची आमची विद्यार्थिनी विभागात धावत आली. "मॅडम, साधी भिंत फाटली! रंगासकट फाटली!" आम्ही गेलो. लेप उलला होता आणि भेगेत माझी दोन बोटं सहज जात होती. शेजारच्या दोन्ही भिंतींवर ओरखडा नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण आता मॅडमची पीएचडी पक्की झाली होती. झालीही. आज त्यांच्या दारावर डॉक्टर वहिदा शेख अशी पाटी आहे.

त्या दुपारी पोरं पांगल्यावर मॅडम भेगेत हात घालून उभ्या होत्या. "एक वर्ष, सर," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

आता पुन्हा समितीचे वारे वाहू लागलेत. परवा संचालक मागे आले आणि त्यांनी सवयीने विचारलं, "डॉक्टर मॅडम, ही भेग तेवढी बुजवून घ्यायची का?"

"हात लावायचा न्हाई सर तिला," वहिदा मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या संचालकांना नाही म्हणत होत्या. ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भेग दिसली की लोकांनी बघायच्या आत बुजवायची, हे मी अब्बांकडूनच शिकले होते. त्यांचीच भेग बुजवली मी."