ठासून भरलेला रिकामा डबा

रिकामी वस्तू आमच्या दाजींनी आयुष्यात पाहिलीच नाही, आणि पाहिली असती तरी मान्य केली नसती. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निर्वात पोकळीतसुद्धा ऊर्जा खदखदत असते, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. रिक्षा रिकामी दिसली म्हणून मी हात केला, तर म्हणाले, "रिकामी कुठाय? नुसती माणसं नाहीत तिच्यात." पण त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. क्वांटमच्या गणिताने या पोकळीतली ऊर्जा काढली, तर ती एवढी अफाट निघते म्हणे, की तव्यावरची पोळी फुगायच्या आत विश्वाच्या चिंधड्या उडाव्यात. प्रत्यक्षात विश्व आपलं निवांत पसरतंय, आणि त्या पसरण्यामागचा वैश्विक स्थिरांक बघावा तर अगदीच चिमुकला. "मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? गुरुत्वाकर्षणाला ती दिसत कशी नाही?" हे ते मला विचारत, दूधवाल्याला विचारत, पंचवटीत मिसळ खाताना समोरच्या अनोळखी माणसालाही विचारत. तो बिचारा रस्सा तसाच टाकून उठायचा.

या सगळ्याचा खरा जाच ताईला. शेजाऱ्यांचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. दाजी मात्र घासूनपुसून तसंच नेऊन देत. एकदा समोरच्या काकूंचा द्राक्षांचा डबा त्यांनी असाच परत केला. काकूंनी झाकण उघडून पाहिलं. "नीट बघा," दाजी म्हणाले, "ठासून भरलाय." काकू डबा उजेडाकडे धरून बघतच राहिल्या. तेवढ्यात ताई साखरेची बरणी घेऊन धावत आली. "अहो, विश्वाचं राहू द्या! लोकांच्या डब्यात काहीतरी घालत जा हो!" "अगं, आहे त्यात!" हे भांडण दोघांनी जन्मभर चवीने केलं.

गेल्या वर्षी ताई गेली. मी दाजींना म्हटलं, "आमच्याकडे राहायला चला. रिकाम्या घरात एकटे काय करणार?" आता खाडकन ऐकवतील, असं वाटलं. खरं सांगतो, तेच ऐकायला मी आसुसलो होतो. पण दाजी नुसतंच "बघू" म्हणाले. ताईपाठोपाठ हाही माणूस हातचा जातोय की काय!

आम्ही रोज डबा पाठवू लागलो. तो रोज लख्ख आणि रिकामा परत यायचा. परवा झाकण उघडलं, तर तळाशी चिमूटभर साखर. मी लगेच फोन लावला.

"दाजी, साखर कशाला? डबा ठासून भरलेला असतो ना?"

"असतोच रे. पण डबा पुसत होतो, तर तुझी ताई मागून ओरडल्यासारखी वाटली. म्हटलं, जाऊ दे, एवढं एक ऐकावं तिचं." मग आवाज चढवून म्हणाले, "आणि काय रे, मागे तू या घराला रिकामं म्हणालास? रिकामं कुठाय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना इकडे आणायचा विषय मी पुन्हा काढला नाही. साखर चहात घातली, डबा धुतला, आणि दुसऱ्या दिवशी त्यात ताई करायची तशी भरली वांगी पाठवली.