मोजणीत नसलेली वस्ती

"तुम्हाला प्रत्येक आकड्यात तुमची वस्तीच कशी हो दिसते?"

बुलढाण्याच्या कार्यालयातली पाणीटंचाईची बैठक. भिंतीवरच्या पडद्यावर माझीच फाइल उघडलेली. साहेब माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "सरासरी काढायला बसवलंय तुम्हाला. जात काढायला नाही."

सगळे हसले.

मीही हसलो. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षांची नोकरी. हसलो.

मी एवढंच म्हणालो होतो, की हे सूत्र चुकतंय. आणि सूत्र माझंच होतं. गावाला रोज मिळणारं एकूण पाणी, भागिले गावातली माणसं. उत्तर चाळीस लिटरच्या खाली आलं, तरच सॉफ्टवेअर ते गाव टंचाईत मोजतं. मोजलेल्या गावालाच टँकर. ते बसवलं तेव्हा याच साहेबांनी पाठ थोपटली होती. मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

चिखली तालुक्यातल्या माझ्या गावात वरच्या आळीत नळ तासभर चालतो. लोक अंगणं धुतात, गाड्या धुतात. खालच्या बौद्ध वस्तीत तोच नळ नुसता फुसफुसतो. दोन्हींचं पाणी एकत्र करून भागलं की उत्तर बावन्न. गाव टंचाईत नाही. टँकर नाही. हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार नाही. त्या वस्तीतच मी जन्मलो. बुलढाण्यात घर बांधलं, नळाला मोटार लावली आणि विसरलो. सोयीनं विसरलो.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतली चुलतकाकू कार्यालयात आली. हात गळ्यात बांधलेला. विहिरीच्या पायरीवरून हंड्यासकट पडली होती.

"बापू, आमच्याकडं टँकर काऊन नाही येत?"

"काकू, गावाची सरासरी जास्त येते."

"म्हणजे त्यायच्या पाण्यानं माही तहान भागली, म्हणते काय तुही मशीन?" मग शेजारच्या बाबूकडे वळून म्हणाली, "पाहा हो भाऊ, आमचा पोरगा साहेब झाला! याले पाणी मोजता येते, माणसं नाही मोजता येत."

या वेळी कुणी हसलं नाही.

त्याच दुपारी मी सूत्र बदललं. वस्तीवार नोंदी फाइलमध्ये आधीपासून होत्या. मीच त्या बेरजेत मिसळल्या होत्या. आता आधी प्रत्येक वस्तीचं पाणी त्याच वस्तीच्या माणसांनी भागायचं. तो रकाना तयार झाला, की मग चाळीसची अट लावायची आणि मोजायचं. आमच्या वस्तीचं उत्तर आलं अकरा. यादीत तिच्याखाली एकेक वस्ती टंचाईत जाऊन लाल होत गेली. नावं वाचत गेलो. बहुतेक गावाच्या खालच्या अंगाच्या. आमच्याच.

साहेबांनी बोलावलं. "जुनं सूत्र परत लावा."

"नाही लावणार."

"काय म्हणालात?"

"नाही लावणार. लावायचंच असेल तर लेखी आदेश द्या. त्यात कारणही लिहा."

"बदलीची तयारी ठेवा."

"ठेवलीय."

लेखी आदेश अजून आलेला नाही. टँकरही आलेला नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावून मी वरच्या कार्यालयात पत्र दिलंय, आवक क्रमांक घेतलाय. पत्राचं पहिलंच वाक्य आहे: जुनं सूत्र मी लिहिलं, शिक्षा करायची तर मलाही करा. टँकर येईपर्यंत दर सोमवारी नवा आकडा पाठवीन. इथून हाकललं, तर जिथं टाकतील तिथून पाठवीन. आमची वस्ती आता दुसऱ्याच्या पाण्यात मिसळून भागू देणार नाही.