फाट्यावर उतरणाऱ्या बाया

माझ्या काकूला वाघानं नेलं ते यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. चामोर्शीच्या बाजारात मासोळ्या विकून ती परतत होती. वाघानं नेलं, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, बसनं नेलं. पावसात ओढ्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, खचल्यापासून बस गावात येत नाही, फाट्यावरच सोडते. त्याच रपट्यावरून धानाचे ट्रक जातात, प्रचाराच्या गाड्या गेल्या. फक्त बसलाच तो खचलेला दिसतो.

तेव्हा मी टांझानियात होते, स्वयंसेवक. तिथल्या मुलींना शाळेसाठी रानातून एकटं चालावं लागू नये म्हणून सभा घेत होते. तिथंच फोन आला.

दिवाळीनंतर परतले. चामोर्शीहून संध्याकाळची बस धरली. शेजारी आमच्याच गावची मावशी, मांडीवर रिकामी टोपली. काकूच्या जोडीनं बाजार करायची ती.

"तिथी वाघ हायेत का वं पोरी?"

"सिंह आहेत, मावशी."

"मंग बरं. तो तोंड दाखवून येते म्हणे."

फाटा आला. उतरता उतरता मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, आम्ही वळणापर्यंत पोचतो, तोवर लाईट इकडं धरा ना."

मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन? तुया बापाची गाडी हाय का? आमाले घर नाई का?" दोघं-तिघं हसले. बस गेली.

मावशी मोठमोठ्यानं सुनेच्या तक्रारी सांगत चालली होती. इथं सगळे असंच बोलत चालतात, आवाज व्हावा म्हणून. मग डावीकडं चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं, आणि ती गप्प झाली.

रपट्याशी पोचलो, तर ती टोपली धुवायला खाली वाकली. आमच्यात मासोळीची टोपली बाहेर पाण्यात धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत. बस गावात यायची तेव्हा बाया तलावाच्या घाटावर, घरांसमोर धुवायच्या. आता आधी रपटा लागतो. काकूही इथंच वाकली होती. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं.

"मावशी, ऊठ! आज राहू दे."

"अन् हा वास घरात नेऊ? थांब नं जराशी."

मी तिच्या पाठीशी पाठ करून ताठ उभी राहिले, दोन्ही हात वर करून. चितळ पुन्हा ओरडलं, आता जवळून. मागं टोपली घासल्याचा आवाज, रोजच्यासारखा, सावकाश.

त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. पुढच्या बाजाराला ती पुन्हा तिथंच वाकणार आहे.

तिला शहाणपण शिकवू नका. तुम्ही त्या बसमध्ये असाल तर फाट्यावर 'चला, चला' करू नका. कंडक्टरला आगारात फोन लावायला सांगा, बस गावात न्या म्हणा. आणि बस गावाकडं वळेपर्यंत फाट्यावर एकाही बाईला खाली उतरू देऊ नका.