नदीच्या नावाचं समन्स

कोर्टातल्या बेलिफाला सगळे चिकटराव म्हणत. माणूस घरात दडून बसला तरी चिकटराव दोन पंच उभे करून समन्स दाराला डकवूनच येणार. एकतीस वर्षांत 'पक्षकार सापडला नाही' असा शेरा त्यांनी एकदाही मारला नव्हता, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. ऐकणाऱ्याची सुटका नसे.

मग मोठ्या कोर्टाने निकाल दिला की नदी ही कायद्याने व्यक्ती आहे, तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिच्याबद्दल काही ठरवायचं नाही. पेपरवाले हरखले, भाषणं झाली. नदीच्या वतीने बोलायला पालक नेमायचा होता. तो नेमायला समिती हवी होती. ती कुणी नेमायची यावर पत्रव्यवहार चालू होता. वाळूचा ठेकेदार मात्र बिलंदर. निकालापाठोपाठ वाळूउपशावर आलेली मनाई उठवा म्हणून त्याने थेट नदीवरच दावा ठोकला. व्यक्ती आहे ना? मग येऊ दे की कोर्टात!

समन्सावरचा पत्ता चिकटरावांनी दोनदा वाचला. धाकट्या बहिणीच्या मळ्यालगतचा काठ. दोन वर्षांत तिकडे त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

मळ्यावर कागद बघून बहीण भडकलीच. "म्हणजे तू कागद चिकटवणार, नदी काही तारखेला यायची नाही, निकाल एकतर्फी, आणि पुन्हा यंत्रं सुरू! माझ्या विहिरीत हातभर पाणी उरलंय, दादा."

"माझ्या हातात काय आहे गं?"

"लिही ना, सापडली नाही म्हणून. मनाई तरी टिकेल."

"खोटं लिहू? एकतीस वर्षं..."

"चुलीत घाल तुझी एकतीस वर्षं!"

सख्ख्या बहिणीचं पाणी तोडायचं चिकटरावांच्या अगदी जिवावर आलं होतं. पण नोकरी ती नोकरी. खळीचा डबा उचलून ते निघाले. पुलाच्या खांबाला चिकटवू, असा बेत; नदीला दुसरं दार कुठलं? पंच म्हणून शेजारचा न्हावी आणि फणफणत का होईना, बहीण.

पुलावरून चिकटराव खाली बघतच राहिले. पावसाळा संपून जेमतेम महिना झालेला. खाली नुसते खड्डे आणि टायरचे माग. ते उतरून पार पलीकडच्या काठापर्यंत चालत गेले. चपलेचा तळसुद्धा ओला झाला नाही.

"अगं, गेली कुठे?"

"दोन वर्षांनी विचारतोयस होय!" बहीण म्हणाली.

नियम साफ होता. पक्षकार तिथे राहत असेल तरच कागद दाराला लावायचा. चिकटरावांनी डोळे पुसले आणि खांबाला टेकून अहवाल लिहिला: 'पत्त्यावर जाऊन शोध घेतला. पक्षकार सापडला नाही. शेजारी सांगतात, पूर्वी इथेच असायची. वाळूउपसा सुरू झाल्यापासून दिसली नाही.' खाली दोन्ही पंचांनी सह्या केल्या.

तारखेला ठेकेदाराचा वकील ताडकन उठला. "साहेब, प्रतिवादी मयत दिसते. मनाई उठवा."

"मयत?" न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग दाखला आणा. मृत्यूचं कारण लिहिलेला. तोवर मनाई कायम."

वकिलाने ठेकेदाराकडे पाहिलं, ठेकेदाराने फरशीकडे.

बाहेर येताच चिकटराव बहिणीला म्हणाले, "जिंकलो की गं आपण!"

"हो," ती म्हणाली. "आता पाण्याचा टँकर कुठे मिळतो ते विचारून ये."